लाल गोळीमागची ल्युसी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी जी जी बाळंतपणातून गेली आहे, तिच्या घरी त्या गोळ्यांची पाकिटं कधी ना कधी आलेली आहेत. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी. कुणी तिला रक्तवाढीची गोळी म्हणतं, कुणी नुसतीच लोहाची. आणि खरं सांगायचं तर कितीतरी जणींनी ती पाण्याबरोबर गिळण्याऐवजी कपाटात, फळीवरच्या डब्यात नाहीतर सरळ परसात टाकलेली आहे. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, मीही त्यातलीच. थोरल्याच्या वेळी मळमळायचं, म्हणून दोन पाकिटं गादीखाली सारली होती. चादर बदलताना सासूबाईंना सापडली आणि मग जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून आठवतं!

आता वस्तीवर गरोदर बायकांच्या बैठका घेते तेव्हा हाच विषय पुन्हा पुन्हा निघतो. मागे एकीने विचारलं, ताई, या गोळीत लोखंड असतं म्हणता, मग आम्ही लोखंडी कढईत भाजी केली तर नाही का चालणार? प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायचं म्हणून पाकीट उलटून वाचलं. त्यावर दोन नावं होती. एक लोह, 60 मिलिग्रॅम. दुसरं फॉलिक अ‍ॅसिड, 500 मायक्रोग्रॅम. लोह सगळ्यांना ठाऊक. हे दुसरं कोण, ते कुठून आलं, याचा शोध घेताना मला एक बाई भेटली आणि तिने मला थेट मुंबईत, परळला नेऊन सोडलं. तिचं नाव डॉ. ल्युसी विल्स. वैद्यकाच्या पुस्तकांतून तिचं नाव जगभर शिकवलं जातं. आपल्याकडे मात्र, जिथे तिने काम केलं तिथे, ते फारसं कुणी घेत नाही. तिला मी एकेरीतच हाक मारणार आहे, वाचता वाचता ती इतकी जवळची झाली म्हणून.

ल्युसीचा जन्म 10 मे 1888 चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घर खाऊनपिऊन सुखी. घरचा कारखाना विळे-कोयत्यांसारख्या धारेच्या हत्यारांचा. वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही यावर त्या घरात वाद झाला नसावा. चेल्टनहॅमच्या ज्या निवासी शाळेत तिला घातलं तिथे मुलींना गणित आणि विज्ञान नीट शिकवत. त्या काळी ही मोठीच गोष्ट. तिथून ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकली. 1911 साली शेवटची परीक्षा पास झाली.

पास झाली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, त्यांचा निकालही लावायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. हा नियम 1948 पर्यंत चालला. विलायतेतल्या बायका आपल्यापेक्षा फार पुढे होत्या असं आपण सहज बोलून जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्याच वर्षी वडील वारले. दोन वर्षांनी सव्वीस वर्षांची बहीण गेली. घरावर असा घाला आलेला. ल्युसी आईला घेऊन सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आली. मग भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेली. काय करायचं ते ठरत नव्हतं. शिक्षण झालं होतं, पैशाची अडचण नव्हती, पण पुढची वाट दिसत नव्हती. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा ती केपटाऊनला होती. तिथल्या इस्पितळात ती स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचं काम करू लागली आणि तिथेच काहीतरी पक्कं झालं असावं. कारण डिसेंबरात ती मायदेशी परतली आणि जानेवारी 1915 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये तिने नाव घातलं.

या कॉलेजाशी आपलं जुनं नातं आहे. मनाविरुद्धच्या बालविवाहाला कोर्टात नकार देणाऱ्या आपल्या रखमाबाई याच कॉलेजात शिकल्या आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रं सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराडही तिथल्याच. म्हणजे मुंबईच्या बाळंतिणींची गोष्ट त्या कॉलेजाच्या भिंतींना नवी नव्हती.

ल्युसी डॉक्टर झाली 1920 च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आपल्याकडे बत्तिशीच्या बाईला आता काय शिकायचंय असं विचारतात. असो. दवाखाना थाटून बसण्यापेक्षा तिला प्रयोगशाळेची ओढ होती. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात गरोदरपणात बाईच्या शरीरात काय काय बदलतं याचा ती अभ्यास करू लागली, विद्यार्थिनींना शिकवू लागली. आठ वर्षं अशी गेली.

इकडे हिंदुस्थानात डॉ. मार्गारेट बाल्फोर नावाची एक स्कॉटिश बाई कितीतरी वर्षं बायकांच्या आरोग्यासाठी झटत होती. बाळंतपणात बायका एवढ्या का मरतात याची चौकशी मुंबईत सुरू झाली होती आणि त्यात एक आजार पुन्हा पुन्हा पुढे येत होता. गरोदर बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, पायांवर सूज यायची, जीभ लाल होऊन सोलवटायची. बाळंतपण जवळ यावं तशी ती खंगत जायची, आणि कितीतरी जणी मूल होण्याआधी नाहीतर झाल्याबरोबर दगावायच्या. या आजाराचा छडा लावायला बाल्फोरबाईंनी ल्युसीला बोलावलं. 1928 साली चाळिशीची ल्युसी मुंबईत आली. कामाची जागा मिळाली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये.

परळ म्हणजे गिरणगाव. भोवती गिरण्यांची धुराडी, चाळी, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबं. ती आली त्याच वर्षी कापड गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला होता. आधीच तुटपुंजा पगार, त्यात संप. अशा घरात ताटात काय पडत असेल आणि घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी काय उरत असेल, ते आपल्याला सांगायला शास्त्रज्ञ नको. पण ते मोजून, लिहून जगापुढे ठेवायला मात्र शास्त्रज्ञच लागतो.

ल्युसीने सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांचं रक्त पाहिलं. इथे जरा थांबून ही गोष्ट समजून घेऊ, कारण सगळं त्यावरच उभं आहे. लोह कमी पडून होणारी जी नेहमीची रक्तपांढरी, तिच्यात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या होत्या. नेहमीपेक्षा मोठ्या, लांबोळ्या, वेड्यावाकड्या आणि संख्येने अगदी थोड्या. असं का होतं? तांबड्या पेशी आपल्या हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. समजा, पोळ्यांसाठी कणीक भिजवली, ती फुगली, पण गोळे तोडायला कुणी हातच लावला नाही. मग परातीत काय राहील? दोनचार ढेपळं! अगदी तसंच. पेशी वाढते, पण तिचे दोन भाग व्हायला जे द्रव्य लागतं तेच नसतं. मगजात ढेपळासारख्या मोठ्या, कच्च्या पेशी साठतात, त्यातल्या बऱ्याच तिथेच नष्ट होतात, आणि ज्या थोड्या बाहेर पडतात त्या धड कामाच्या नसतात. या आजाराला डॉक्टर मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ एवढाच, मोठ्या कच्च्या पेशींची रक्तपांढरी. अशा बाईला नुसतं लोह कितीही दिलं तरी पेशी काही दुभंगत नाहीत.

अशाच मोठ्या पेशींचा एक आजार युरोप-अमेरिकेत ठाऊक होता. त्यावर 1926 साली उपाय सापडला होता, रोज भरपूर लिव्हर, म्हणजे काळीज, खायला घालायचं. (या शोधाला 1934 चं नोबेल मिळालं.) पण गिरणगावातल्या गरीब बाईला रोज काळीज कुठून आणून घालणार? आणि कितीजणींच्या घरात ते चाललं असतं?

ल्युसीने काय केलं, तर ती बायकांच्या ताटाकडे वळली. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची तिने आणि तळपदे या सहकाऱ्याच्या जोडीने रीतसर पाहणी केली. ती 1930 साली छापून आली. दुसरे सहकारी मेहता, त्यांचंही नाव तिच्या निबंधांवर बरोबरीने आहे. पाहणीतून दिसलं ते असं की आजार आणि ताट यांचा मेळ बसतो. जिथे दूध, फळं, भाजीपाला जवळजवळ नाही तिथे आजार. खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या घरांतल्या गरोदर बायका यातून सुटत होत्या.

मग तिने उंदरांना या बायकांसारखंच अन्न घातलं. उंदरांचं रक्त कमी झालं, गाभण माद्या मेल्या. त्याच अन्नात यीस्ट मिसळलं तर उंदीर ठीक राहिले. सापडलं, असं वाटलं! पण पुढे कळलं की उंदरांचा आजार खरं तर उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचा होता. एवढी मेहनत केली आणि निष्कर्षाचा पायाच कच्चा निघाला. मला तर इथे रडूच कोसळलं असतं. तिने उंदीर बाजूला ठेवले आणि माकडांवर काम सुरू केलं.

तसल्याच निकस अन्नावर ठेवलेल्या माकडांचं रक्त बायकांसारखंच बिघडलं. त्यातल्या एका फार आजारी माकडाला तिने मार्माइट खाऊ घातलं. मार्माइट म्हणजे बीअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून केलेला काळपट, खारट, चिकट लेप. इंग्रज लोक तो ब्रेडला लावून खातात. टाकाऊतून टिकाऊच म्हणा ना. काळजापेक्षा स्वस्त, बाटलीत टिकणारा, मांसाचा संबंध नसलेला. माकड सुधारलं. मग तिने तेच आजारी बायकांना दिलं. काही दिवसांतच फरक दिसू लागला. अन्नावर वासना येऊ लागली, रक्तात नव्या पेशी भराभर दिसू लागल्या, आणि मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. 1931 साली तिचा हा निबंध इंग्लंडच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला.

या काळात ती एका जागी बसलेली नव्हती. 1929 चा उन्हाळा आणि पावसाळा तिने नीलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काढला. 1931 च्या सुरुवातीला ती मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात होती. गोशा म्हणजे पडदा. पडद्यातल्या बायकांसाठीचं ते इस्पितळ. 1930 ते 32 मधले उन्हाळे तिने लंडनच्या प्रयोगशाळेत घालवले आणि 1933 ला ती तिकडे कायमची परतली.

पण मार्माइटमध्ये नेमकं आहे काय, हे कोडं सुटलं नव्हतं. इथे ल्युसीची नजर कामी आली. काळजापासून तेव्हा शुद्ध केलेलं अर्काचं औषधही निघालं होतं. ते त्या युरोपातल्या आजाराला लागू पडे, पण तिच्या माकडांना आणि रुग्णांना त्याचा गुण येईना. साध्या, कमी शुद्ध केलेल्या काळजाने मात्र गुण यायचा, आणि मार्माइटनेही. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गाळात निघून जात होतं, आणि तेच नेमकं तिच्या बायकांना हवं होतं. दिसायला एकसारखे दोन आजार, पण कमतरता दोन वेगळ्या. हे तिने सहकाऱ्यांबरोबर 1937 मध्ये मांडलं. त्या अनोळखी द्रव्याला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती पुन्हा मुंबईला आली, हाफकिनमध्ये दहा आठवडे काम करायला. या वेळी बोटीने नाही, तर विमानाने! पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, ठिकठिकाणी मुक्काम करत पाच दिवसांनी ती कराचीला पोचली, आणि तिथून समुद्रमार्गे मुंबईला. एकोणपन्नासाव्या वर्षी एकटी बाई 1937 साली अशी निघते! आमच्या महिला मंडळात मी हे सांगितलं तेव्हा बायकांना माकडापेक्षा विमानाचंच अप्रूप जास्त वाटलं.

1941 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून हे द्रव्य वेगळं काढलं. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. पानातलं म्हणून. 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आलं, आणि ते करणाऱ्या अमेरिकेतल्या गटाचे प्रमुख होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. युरोपातल्या त्या दुसऱ्या आजारातलं द्रव्य म्हणजे बी-12 जीवनसत्त्व, ते 1948 साली हाती आलं. या सगळ्यात विल्स फॅक्टर हे नाव मागे पडलं. गोळीच्या पाकिटावर ते कसं असणार?

ल्युसीने त्याचा बाऊ केल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात ती लंडनलाच इस्पितळाची पॅथॉलॉजी सांभाळत होती. 1944 च्या जुलैत रॉयल फ्रीवर जर्मन उडता बॉम्ब पडला, माणसं मेली, काम विस्कटलं. युद्ध संपेपर्यंत ती तिथली पॅथॉलॉजीची प्रमुख झाली आणि रक्तविकारांचा पहिला स्वतंत्र विभाग तिने तिथे सुरू केला. 1947 ला निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका, जिथे गेली तिथे लोक काय खातात आणि त्यांचं रक्त कसं आहे हे बघत राहिली. लग्न तिने केलं नाही. भावंडांची मुलं आणि जुन्या मैत्रिणी हाच तिचा गोतावळा. डोंगर आणि बर्फावरून स्कीइंग करत भटकणं ही हौस. शेवटची काही वर्षं ती लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाची नगरसेविकाही होती. 16 एप्रिल 1964 ला ती गेली.

तिच्या कामाचं पुढचं फळ तिला पाहायला मिळालं नाही. गरोदर बायकांना लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वाटायची योजना आपल्या सरकारने 1970 साली सुरू केली. 1991 मध्ये इंग्लंडमधून निघालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की आधी मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मदोष असलेलं मूल झालेल्या बायकांनी दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी होतो. बाळाचा कणा गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच घडतो. आपल्याला पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं. म्हणून नव्या लग्न झालेल्या मुलींना मी सांगते, मूल हवं असं ठरलं की त्याआधीच डॉक्टरांना या गोळीचं विचारा. दिवस गेल्यावर नको.

आणखी एक. फॉलिक अ‍ॅसिड उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरून जातं. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची, उकडलेलं पाणी पिळून मोरीत ओतायचं नाही. कडधान्यं, शेंगदाणे यांतही ते आहे. बी-12 मात्र पानात नाही, ते दूध, दही, अंडी, मांस-मच्छीतून येतं. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण आत नसांची हानी चालूच राहते. म्हणून आपल्या मनाने औषध नको.

आमच्या वस्तीतली एक सून दोन महिने इमानाने दुकानातलं लोहाचं टॉनिक पीत होती, पण हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना. सगळ्यांनी तिलाच दोष दिला, पीतच नसेल म्हणून. मग एका डॉक्टरबाईंनी रक्ताचा कागद नीट पाहिला. त्यावर एमसीव्ही नावाची एक ओळ असते, पेशीचा आकार सांगणारी. साधारण ऐंशी ते शंभर असायला हवं, तिचं होतं एकशे चौदा. पेशी मोठ्या होत्या! बी-12 आणि फॉलिक अ‍ॅसिड दोन्ही सुरू झालं. पुढच्या बैठकीला ती आली ती हातात लाल गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन. सासूला दाखवायला जपून ठेवलंय म्हणाली. मी ते तिच्याकडून मागून घेतलं आणि बैठकीत सगळ्यांना फिरवलं. त्या निमित्ताने परळची गोष्ट पुन्हा एकदा सांगून झाली.